रोशाचा पत्ता

सागवान किंवा पळस आपण एसटीच्या खिडकीतूनही ओळखतो. पण डोंगरउतारावर एकत्र डुलणाऱ्या गवतातलं शेडा कोणतं, पवन्या कोणतं आणि मारवेल कोणतं, हे गुराखी सांगतो, नाहीतर आयुष्यभर गवतात डोकं घालून बसलेला वनस्पतिशास्त्राचा एखादा मास्तर. बाकीच्यांना ते सगळं मिळून नुसतं गवत. या बिननावाच्या गर्दीत एक गवत मात्र असं आहे की ते ओळखायला जाणकार लागत नाही. पान मोडायचं, बोटांत चुरडायचं आणि नाकाशी धरायचं. गुलाब! देवघरातल्या ताज्या फुलाइतका मऊ नाही. त्याला मागून सुंठीचा तिखटपणा आहे, उन्हात वाळलेल्या पेंढीचा कोरडेपणा आहे. पण गुलाबच. डोळे मिटलेल्या माणसाला हे गवत आहे असं सांगितलं तर तो हसेल.

खानदेशात याला रोशा म्हणतात, विदर्भात तिखाडी. संस्कृत वैद्यकग्रंथांतलं रोहिष ते हेच, असं बहुतेक वैद्य मानतात. या वासाची एक गोष्ट आहे आणि गवतासारख्या गरीब वस्तूच्या मानाने ती फार लांब पोचते. तिच्यात टिपू सुलतानाविरुद्धची मोहीम आहे, इस्तंबूलचे व्यापारी आहेत, बाल्कनच्या पायथ्याची गुलाबाची शेतं आहेत आणि एक जर्मन रसायनशास्त्रज्ञही आहे. सातपुड्याच्या ओढ्याकाठी भट्टी पेटवणारे लोकही आहेत, पण त्यांची नावं कुठे लिहिलेली सापडत नाहीत. मी ही गोष्ट आधी वाचली ती फसवणुकीची गोष्ट म्हणून, आणि तशी ती चवीने वाचलीही. हळूहळू मात्र तिच्यातला एक प्रश्न मनात रुतून बसला. आपण एखाद्या वासाला मोल देतो, तेव्हा नेमकं कशाला देतो?

माझी ओळख आधी तेलाशी झाली, गवताशी नंतर. आजीचे गुडघे थंडीत धरायचे. फडताळात एक बुटकी बाटली असायची आणि संध्याकाळी आजीची हाक यायची, “शिशी लई ये रे भाऊ.” त्या बाटलीतल्या तेलाला घरात रोशेल म्हणत. ते जपून वापरायचं असे. तिळाचं तेल वाटीत कोमट करायचं, त्यात रोशेलचे चार थेंब टाकायचे आणि मग ते गुडघ्यावर जिरवायचं. चोळणाऱ्याच्या तळव्याला तो वास दुसऱ्या दिवशीपर्यंत चिकटून राही. शाळेत मित्र हात हुंगून विचारत, अत्तर लावलंस का? मला त्याची लाज वाटे. गुलाबाचा वास लग्नात अंगावर शिंपडतात त्या पाण्याचा असावा, म्हातारीच्या गुडघ्यांचा नसावा, एवढं त्या वयातही ठाऊक झालेलं होतं. वासांनाही प्रतिष्ठेच्या पायऱ्या असतात आणि त्या आपल्याला कोणी न शिकवताच पाठ होतात.

रोशा पाहायचा तर पावसाळा सरताना सातपुड्याच्या उतारांवर जावं. धडगावच्या, तोरणमाळच्या वाटेवर जिथे जमीन खडकाळ आहे आणि पाणी थांबत नाही, तिथे तो थव्याथव्याने उभा असतो. गवत बहुवर्षायू आहे. उन्हाळ्यात वरचं सगळं वाळून जातं आणि पहिल्या पावसाबरोबर जमिनीतल्या ठोंबातून नवे फुटवे येतात. आश्विनापर्यंत ते पुरुषभर, काही ठिकाणी त्याहूनही उंच होतं. पान रुंद असतं, वरून हिरवं आणि खालून जरा निळसर फिकं. बुंध्याशी ते बदामाच्या आकाराचं होऊन दांड्याला कवटाळतं. ही खूण लक्षात ठेवावी, कारण आपल्या ओळखीच्या गवती चहाचं पान तळाशी असं पसरत नाही, ते निमुळतं होत जातं. वर फुलांचा लांब, फांद्याफांद्यांचा तुरा येतो. त्यातल्या कणसांच्या प्रत्येक जोडीला होडीच्या आकाराचं एक पातळ आवरण असतं. सुरुवातीला हिरवी असलेली ही आवरणं फुलोरा पिकत जातो तशी तांबूस होतात, आणि कार्तिकात कललेल्या उन्हात अख्खा उतार तांब्याच्या रंगाचा दिसतो.

एवढं असूनही त्या उतारावर उभं राहिलं तर वास फारसा येत नाही. फुलाचा गुलाब आपला वास हवेत सोडत राहतो. रोशा तो राखून ठेवतो. त्याचं तेल पानांच्या आणि फुलोऱ्याच्या आतल्या पेशींत कोंडलेलं असतं. पान फाटलं, गुराचा खूर पडला, विळा चालला की ते मोकळं होतं. तेल सर्वांत जास्त फुलोऱ्यात, त्याहून कमी पानांत आणि दांड्यात नावापुरतं. फुलोऱ्यातही वास रोज सारखा नसतो. कोवळ्या फुलोऱ्यात जिरॅनिल ॲसिटेट नावाचं, फळासारख्या वासाचं द्रव्य अधिक असतं. फुलोरा पिकत जातो तसं गवत स्वतःच त्याचं रूपांतर जिरॅनिऑलमध्ये करत जातं, आणि जिरॅनिऑल म्हणजेच तो गुलाबाचा वास. कापणी कधी करायची हे जुने लोक रंग पाहून ठरवत. तांबूस रंग चढला की विळा काढायचा. प्रयोगशाळेत ज्याचा आलेख निघतो ते त्यांना फुलोऱ्यावर लिहिलेलं दिसत होतं.

रोशाचा गोतावळा मोठा आणि बहुतेक सगळा सुवासिक आहे. वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव सिम्बोपोगॉन मार्टिनी. आपल्या चहात पडणारा गवती चहा याच प्रजातीतला, डास पळवायच्या मेणबत्तीतली सिट्रोनेलाही याच प्रजातीतली. प्रत्येकाने आपापलं मुख्य द्रव्य वाटून घेतल्यासारखं दिसतं. गवती चहाने सिट्रल घेतलं, म्हणून त्याला लिंबाचा वास. सिट्रोनेलाने सिट्रोनेलाल घेतलं. रोशाने जिरॅनिऑल. माठात टाकायचा वाळा जरा दूरचा भाऊबंद. त्याने वास पानात न ठेवता मुळांत पुरला. याच मोठ्या गोतात ज्वारी आणि ऊसही येतात. त्यांना असा वास नाही, पण एक गोष्ट या सगळ्यांत सारखी आहे, आणि तिचं काम या कथेत शेवटी पडणार आहे.

रोशाच्या घरातच दोन भाऊ आहेत, मोतिया आणि सोफिया. ही नावं शास्त्रज्ञांनी दिलेली नाहीत, तेल काढणाऱ्यांची आणि विकणाऱ्यांची आहेत. दिसायला दोघे इतके सारखे की पुस्तकी माणसाची फसगत व्हावी. मोतिया कोरड्या, निचऱ्याच्या उतारावर विरळ ठिगळांनी वाढतो. सोफिया सखल, ओलसर जागी दाट माजतो. मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल शेकडा ७५ ते ९० भाग असतं, म्हणून तेच पामारोझा या नावाने मोठ्या किमतीला जातं. सोफियाचा वास उग्र आणि औषधी, त्याच्या तेलाला बाजारात जिंजरग्रास म्हणतात आणि भाव कमी मिळतो. कोलकात्यात काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ बर्किल यांनी १९०९मध्ये या दोन प्रकारांवर शास्त्रीय लेख लिहिला, तेव्हा त्यांनी बाजारातली हीच नावं उचलली. भट्टीवरच्या माणसांनी नाकाने केलेली विभागणी शास्त्राला मान्य करावी लागली.

गवताच्या शास्त्रीय नावातला मार्टिन हा मूळचा फ्रेंच. क्लोद मार्टिन ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात मेजर जनरल झाला, लखनौत राहिला आणि तिथेच १८०० साली वारला. लखनौच्या ला मार्टिनियर शाळेत त्याचं नाव अजून आहे. टिपूविरुद्धच्या मोहिमेत तो दख्खनच्या घाटमाथ्यावरच्या मुलखात होता. तिथे त्याने या गवताचं बी गोळा केलं, लखनौच्या बागेत ते वाढवलं आणि कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात विल्यम रॉक्सबर्गकडे पाठवलं. रॉक्सबर्गच्या ‘फ्लोरा इंडिका’चा पहिला खंड त्याच्या मृत्यूनंतर १८२०मध्ये निघाला. त्यात हे गवत मार्टिनच्या नावाने नोंदलं गेलं. लढाईच्या धामधुमीत सेनाधिकाऱ्याला गवताचं बी का वेचावंसं वाटलं असेल? रॉक्सबर्गच्या नोंदीतच त्याचा धागा सापडतो. इतकं तिखट आणि वासाचं असूनही गुरं या गवतावर तुटून पडतात, आणि त्यांच्या मांसाला, दुधाला, लोण्यालासुद्धा त्याचा वास येतो, असं त्याने लिहिलं आहे. छावणीत जनावरांचा चारा हा दारूगोळ्याइतकाच महत्त्वाचा. पण चाऱ्यामुळे लोण्याला गुलाबाचा वास येत असेल, तर कोणत्याही सेनाधिकाऱ्याचं कुतूहल चाळवेल. गवत कोवळं असताना गुरं ते खातात. जून झाल्यावर तोंड फिरवतात. म्हणूनच फार चरलेल्या डोंगरावर इतर गवतं संपतात आणि रोशा उरतो.

गोऱ्या साहेबाने बी वेचण्याच्या कितीतरी आधी वैद्यांना हे गवत माहीत होतं. चरकसंहितेत बाळंतिणीला दूध यावं म्हणून दहा वनस्पतींचा एक गण सांगितला आहे. त्यात दर्भ, कुश, काश, वाळा आणि उसाच्या जातीचं एक गवत यांच्या जोडीला कत्तृण येतं. हे कत्तृण म्हणजेच रोहिष, असं परंपरा सांगते. दहा वनस्पतींत गवतांचाच भरणा आहे, भाताच्या दोन जातींसकट. चारा खाऊन गाय दूध देते, हे रोज डोळ्यांसमोर असलेल्या समाजाला गवत आणि दूध यांची सांगड घालावीशी वाटली असेल, तर त्यात नवल नाही. ज्वर, कफ, पोटातला वात आणि सांध्यांची दुखणी यांसाठीही रोहिष वापरात होतं. एकोणिसाव्या शतकात कंपनीच्या डॉक्टरांनी संधिवातावर हे तेल लावायला सुरुवात केली. त्यांनी त्याला आपली लॅटिन नावं दिली, पण युक्ती आजीचीच होती. शिवाय डोंगरात या गवताची छपरं शाकारली जात, आणि तेल काढून झालेला चोथा वाळवून पुढच्या भट्टीखाली जाळला जाई. गवताची एक काडीही वाया जात नसे.

भट्टीचं वर्णन जुन्या व्यापारी आणि सरकारी कागदांत तपशीलवार येतं, कारण पश्चिम खानदेशात पिंपळनेर, नंदुरबार, शहादा, तळोदा, अक्राणी या टापूत तो मोठा धंदा होता. भाद्रपदात फुलोरा आला की हंगाम सुरू होई आणि थंडी भरेपर्यंत चाले. भट्टी गावात नसे. गवत आणि पाणी जिथे जवळजवळ भेटेल अशा ओढ्याकाठी ती लागे, आणि भोवतालचं गवत संपलं की पुढच्या ओढ्यावर हलवली जाई. दगडमातीच्या चुलाण्यावर मोठी लोखंडी कढई. तिच्यात पाणी आणि दाबून भरलेले रोशाचे शेंडे. वर झाकण, कडेच्या फटी मातीने लिंपलेल्या. झाकणातून बांबूची नळी निघे. तिला सुतळी गुंडाळलेली असे आणि तिचं दुसरं टोक ओढ्याच्या वाहत्या पाण्यात बुडवलेल्या तांब्याच्या भांड्यात शिरलेलं असे. खाली जाळ, वर वाफ, ओढ्याचं पाणी वाफेला थंड करी, आणि भांड्यात पाण्यावर तेलाचा पिवळसर थर जमे. दोनशे-तीनशे किलो गवत जाळावर चढे तेव्हा कुठे किलोभर तेल हाती लागे.

या वर्णनातला तपशील जितका बारीक, तितकं त्यातल्या माणसांचं न दिसणं डोळ्यात भरतं. कढई किती मोठी, नळी कशी वळवलेली, हे सगळं सापडतं. पण सूर्योदयाला डोंगर चढून विळ्याने शेंडे कापणाऱ्या, भारे डोक्यावर घेऊन उतरणाऱ्या बायका तिथे नाहीत. रोशाचं पान करवती धारेचं असतं. तासभर कापणी केली तरी मनगटं रेघांनी भरतात. आपल्या अंगाला गुलाबाचा वास येतोय आणि हाताची आग होतेय, अशा अवस्थेत ती माणसं घरी जात असणार. जाळ किती ठेवायचा हेही त्यांनाच कळत होतं. जाळ वाढला तर गवत कढईच्या तळाशी लागतं आणि सगळ्या तेलाला करपट वास येतो. मग व्यापारी नाक मुरडतो आणि भाव पाडतो. त्या काळच्या लंडनच्या किंवा लाइपझिगच्या कारखानदाराला ज्याची खात्री हवी होती, ती गुणवत्ता अक्राणीच्या ओढ्याकाठी जाळाकडे बघत बसलेल्या माणसाच्या हातात होती.

पुढचा प्रवास मुंबईच्या बंदरातून. तिथून तेल तांबड्या समुद्रातल्या बंदरांना, मुख्यतः जेद्दाला जाई, आणि अरब-तुर्क व्यापाऱ्यांच्या हातून इस्तंबूलला पोचे. तिथे त्याच्यावर संस्कार होत. लिंबाच्या रसाने आंबट केलेल्या पाण्यात ते घुसळायचं, मग उथळ भांड्यांत उन्हात ठेवून त्याचा रंग उतरवायचा. रंग गव्हाच्या काडीसारखा फिका झाला आणि उग्रपणा गेला की तेल पुढच्या कामाला तयार. ते काम म्हणजे गुलाबाच्या अत्तरात भेसळ. बल्गेरियातलं कझानलाकचं खोरं १८७८पर्यंत थेट तुर्की अमलाखाली होतं आणि जगातलं उत्तम गुलाबतेल तिथून येई. एक किलो गुलाबतेलाला तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात. जो त्यात रोशाचं तेल मिसळेल त्याचा नफा किती, हा हिशोब सोपा होता. काही जण तर पाकळ्या कढईत घालण्याआधीच त्यांच्यावर हे तेल शिंपडत, म्हणजे दोन्ही वास एकाच वाफेतून एकजीव होऊन उतरत आणि भेसळ पकडणं आणखी अवघड होई.

मग भेसळ पकडायची कशी? खऱ्या गुलाबतेलात मेणासारखा एक भाग असतो, त्यामुळे ते थंडीत गोठतं. रोशाचं तेल मिसळलं की गोठणं लांबतं. म्हणून परीक्षा निघाली: तेल किती अंशाला गोठतं ते पाहा. त्यावर भेसळ करणाऱ्यांनी उपाय काढला. रोशाच्या तेलाबरोबर व्हेल माशाच्या डोक्यातलं मेणही घालायचं, की तेल वेळेवर गोठतं. म्हणजे युरोपातल्या एखाद्या उमरावाच्या रुमालावरच्या थेंबात बाल्कनचा गुलाब, सातपुड्याचं गवत आणि समुद्रातला व्हेल असे तिघे नांदत असतील. त्याला फक्त गुलाब कळे.

युरोपच्या बाजारात हे तेल तुर्की जिरॅनियम तेल म्हणून ओळखलं जाई. ते तुर्कस्तानातून येई म्हणून तुर्की, आणि त्याचा वास जिरॅनियमच्या पानाशी जुळे म्हणून जिरॅनियम. भारतातल्या डोंगरात वाढणाऱ्या गवताचा पत्ताच त्या नावातून पुसला गेला होता. १८७१मध्ये ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने भारतातून आलेल्या या गवताच्या तेलातून एक द्रव्य शुद्ध रूपात वेगळं केलं आणि त्याला जिरॅनिऑल म्हटलं. आज साबण, अत्तरं, सरबतं, डास पळवायची मलमं अशा असंख्य वस्तूंच्या वेष्टनावर बारीक अक्षरात हे नाव सापडतं.

जिरॅनिऑलच्या एका रेणूत कार्बनचे १० अणू, हायड्रोजनचे १८ आणि ऑक्सिजनचा १ अणू. गुलाबात हाच रेणू आहे, रोशातही हाच. दोघांत तसूभर फरक नाही. गुलाबाच्या तेलात त्याच्या सोबतीला शेकडो इतर द्रव्यं असतात, त्यामुळे त्याचा वास भरदार आणि अनेक पदरी. पण त्यातला जो एक पदर रोशाशी जुळतो, तो उसना किंवा नकली नाही. मग भेसळ कशाला म्हणायचं? इस्तंबूलच्या व्यापाऱ्याने खोटा वास विकला नव्हता. तो वास खराच होता, फक्त दुसऱ्या गावचा होता. खोटी होती ती बाटलीवरची चिठ्ठी. आणि चिठ्ठी खोटी का लिहावी लागली, तर खऱ्या चिठ्ठीला भाव नव्हता म्हणून. हे तेल गवताचं आहे असं लिहून कोणी त्याला अत्तराचं मोल देणार नव्हतं.

वनस्पतींच्या बाजूने पाहिलं तर गोष्ट आणखी रंजक होते. गुलाब हा वास हवेत सोडतो, कारण त्याला फुलावर कोणीतरी यायला हवं आहे. मधमाशीच्या शरीरातही जिरॅनिऑल तयार होतं. पोटाच्या टोकाशी असलेल्या एका ग्रंथीतून ते सोडून ती आपल्या पोळ्यातल्या बहिणींना इकडे या म्हणून हाक घालते. तोच रेणू डासाला नकोसा होतो, आणि रोशाच्या पानात तो कोंडून ठेवलेला असतो तो बहुधा पान खायला येणाऱ्याला परतवण्यासाठी. एकाच द्रव्याचा एके ठिकाणी अर्थ ‘ये’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘जा’. प्रेम, राजवैभव, लग्नमंडप, म्हातारपण हे सगळे अर्थ त्याच्यावर आपण लादले. माझ्या तळहाताची मला शाळेत वाटलेली लाज त्याच लादण्यातली. रेणूला यातलं काहीही ठाऊक नाही.

इथपर्यंत आल्यावर मी बरीच वर्षं समाधानी होतो. वासाला मालक नसतो, रेणू सगळे सारखे, उरलेला सगळा बाजाराचा खेळ; निष्कर्ष छान गोल होता. पण रेणू नाकाला सारखे असले तरी तराजूला सारखे नाहीत. ज्वारी, ऊस, मका यांच्यासारखाच रोशा उन्हाळी मुलखातला. या गवतांची हवेतला कार्बन पकडायची रीत गुलाबापेक्षा वेगळी आहे. जीवशास्त्रात तिला सी-फोर म्हणतात. कडक उन्हात, कमी पाण्यात ती रीत फायद्याची. निसर्गात कार्बनचे हलके आणि किंचित जड असे दोन स्थिर प्रकार असतात. गुलाबाच्या रीतीत जड कार्बन बराच गाळला जातो. गवताच्या रीतीत तो त्या मानाने जास्त आत येतो. त्यामुळे रोशाने बनवलेलं जिरॅनिऑल गुलाबाच्या जिरॅनिऑलपेक्षा अगदी कणभर जड असतं. गेल्या काही दशकांत हा फरक मोजणारी यंत्रं आली आहेत, आणि गुलाबतेलाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बाटल्यांत रोशाचं तेल मिसळलेलं त्यांनी पकडलंही आहे. लिंबूपाण्यात घुसळा, उन्हात ठेवा, व्हेलचं मेण घाला; ज्वारीच्या या भावाने उन्हाशी केलेला व्यवहार त्याच्या प्रत्येक रेणूत लिहिलेला राहतो. वासाला मालक नसेल, पण पत्ता असतो.

आणि आता चक्र फिरलं आहे. कारखान्यात जिरॅनिऑल कृत्रिमपणे बनवता येतं, टर्पेंटाइनपासून किंवा खनिज तेलापासून, आणि ते स्वस्त पडतं. पण नैसर्गिक जिरॅनिऑल हवं असलेल्या अत्तरवाल्यांना रोशाच्या दारात यावं लागतं. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने, म्हणजे मार्टिनने जिथे ते बी पेरलं होतं त्याच शहरातल्या संस्थेने, पीआरसी-१, तृष्णा यांसारखे वाण काढले. २०१७पासून सुगंधी पिकांच्या सरकारी मोहिमेत कोरडवाहू शेतकऱ्यांना ते दिले जात आहेत. जंगलातलं गवत शेतात आलं. एकदा लावलं की काही वर्षं टिकतं, गुरं आणि रानडुकरं त्याच्या फारसं नादी लागत नाहीत, आणि माळरानावरही तग धरतं. ओढ्याकाठच्या कढईच्या जागी पोलादी टाक्या आल्या, बांबूच्या नळीच्या जागी थंड पाण्याचे कंडेन्सर आले. डोंगरावरचा रोशा मात्र जिथे सरकारदरबारी त्या उताराची नोंद पडीक म्हणून होते आणि त्यावर रांगेत रोपं लावली जातात, तिथे सावलीखाली हटत जातो. उन्हावर जगणाऱ्या गवताला झाडाची सावली मानवत नाही. गवताळ उतार म्हणजे झाडं लावायची राहून गेलेली जागा, हा समज अजून सुटलेला नाही. त्याखाली दबणाऱ्या गवतांत आश्विनातला हा तांबूस फुलोराही आहे.

बाजारात आज रोशाच्या तेलातच भेसळ होते. पूर्वी मुंबईतले काही व्यापारी त्यात खोबरेल, टर्पेंटाइन, रॉकेल मिसळत. हल्ली कृत्रिम जिरॅनिऑल मिसळतात. आणि ही भेसळ ओळखायलाही तोच कणभर जडपणा उपयोगी पडतो, कारण टर्पेंटाइन आणि खनिज तेल यांच्या कार्बनात उन्हाळी गवताची ती सही नसते. ज्या खुणेने रोशाला गुलाबाच्या बाटलीतून चोर म्हणून बाहेर काढलं, तीच खूण आता त्याच्या स्वतःच्या बाटलीची राखण करते. शंभर-दीडशे वर्षं दुसऱ्याच्या नावाने विकलं गेलेलं गवत स्वतःच्या नावाने खरं की खोटं, हे तपासण्याइतकं महाग झालं. बाजार अस्सलपणाचं प्रमाणपत्र असंच देतो, फार उशिरा, आणि एखाद्या वस्तूत भेसळ करणं परवडू लागल्यावरच.